ठिणगी कधी पडते, ते आधी पाहा

घरी बांधलेल्या छोट्या विमानांच्या जुन्या इंजिनांबाबत एक गोष्ट मला वारंवार दिसत आली आहे. इंजिन सुरू होत नसलं की हात आधी प्लगकडे जातो, आणि प्लग बदलूनही भागलं नाही की ‘मॅग्नेटो कमजोर झालाय’ असा निकाल लागतो. हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो, असं माझं ठाम मत आहे. मॅग्नेटो म्हणजे फिरत्या चुंबकातून प्लगांना ठिणगी पुरवणारं यंत्र; सुरू होणं आणि चालू राहणं या त्याच्या दोन वेगळ्या परीक्षा आहेत. दुसरीत उत्तम उतरणारा मॅग्नेटो पहिलीत नापास होऊ शकतो. अशा वेळी ठिणगी किती जोरकस आहे यापेक्षा ती कधी पडते, हे आधी तपासायला हवं.

कॉन्टिनेंटल ए-65 हे इंजिन घ्या. चार सिलिंडर, 2300 आरपीएमला 65 अश्वशक्ती. पायपर कब विमानामुळे ते नावाजलं आणि पुढे कितीतरी घरगुती विमानांवर बसलं. पिस्टन वरच्या टोकाला पोहोचण्याच्या सुमारे 30 अंश आधी त्यात ठिणगी पडते. पूर्ण वेगात हे 30 अंश पार व्हायला सेकंदाचे जेमतेम दोन हजारांश भाग लागतात, आणि मिश्रण पेटून दाब तयार व्हायलाही थोडा वेळ हवाच, म्हणून ही आगाऊ ठिणगी योग्य ठरते. आता तोच प्रोपेलर हाताने, सेकंदाला एक फेरा या गतीने फिरतोय असं समजा. तेच 30 अंश पार व्हायला आता ऐंशीहून जास्त हजारांश लागतात. पिस्टन वर पोहोचण्याआधीच मिश्रण जळून जातं आणि पिस्टनला उलटं ढकलतं. इंजिन सुरू होत नाहीच, वर प्रोपेलर उलटा झटका देतो आणि फिरवणाऱ्याचा हात मोडू शकतो. चुंबकही सावकाश फिरत असल्याने ठिणगी अशक्त असते, हे खरं. पण तीच ठिणगी बळकट करून चुकीच्या वेळी पाडली तर झटका कमी होणार नाही.

ही अडचण जुन्या लोकांनी नीट ओळखली होती. फोर्ड मॉडेल ए गाडीत स्टिअरिंगखाली ठिणगी मागेपुढे करण्याचा दांडा असे आणि गाडी सुरू करताना तो मागे घ्यायचा असे. बर्नार्ड पीटनपॉल यांनी मिनेसोटातल्या चेरी ग्रोव्हमध्ये 1929 साली याच गाडीच्या इंजिनावर एअर कॅम्पर हे विमान उडवलं, आणि त्यांच्या आराखड्यांवरून लोक आजही विमानं बांधतात. सुरू करताना ठिणगी उशिरा पाडण्याचं हेच काम मॅग्नेटोवर इम्पल्स कपलिंग करतं. हळू फिरताना त्यातली खिटी चुंबकाला अडवून धरते, स्प्रिंग ताणली जाते, आणि पिस्टन टोकाशी आला की चुंबक खटकन सुटतो. एकाच झटक्यात ठिणगीला उशीरही मिळतो आणि जोरही. इंजिनाने वेग घेतला की खिट्या बाहेर फेकल्या जातात आणि कपलिंग बाजूला होतं. म्हणूनच ते बिघडलेलं असूनही इंजिन एकदा सुरू झालं की गुळगुळीत चालतं, आणि संशय प्लगवर जातो. खरं कारण अनेकदा कपलिंगमधलं जुनं चिकट तेल असतं. मी अशा इंजिनाचं इंधन बंद करतो, चाकांना अडण लावतो, वरचे प्लग काढतो आणि प्रोपेलर हळू फिरवून ऐकतो. ‘खट्’ आलं नाही, तर प्लगांचं नवं खोकं फोडण्यात अर्थ नाही. काही जुन्या मॅग्नेटोंवर हे कपलिंग नसतंच. तिथे पॉइंट, कॉइल आणि टायमिंग यांत ढिलाईला जागाच उरत नाही.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा, की प्लग बाहेर काढून पाहिला, ठिणगी कडक आहे, मग दोष तिथे नाहीच. लुना चालवलेल्या प्रत्येकाने प्लग हेडला टेकवून ठिणगी पाहिलेली असते, म्हणून ही तपासणी पक्की वाटते. पण मोकळ्या हवेत ठिणगीला फट ओलांडणं सोपं असतं. सिलिंडरमध्ये दाबलेल्या मिश्रणातून तीच फट ओलांडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. जुन्या कॉइलच्या इन्सुलेशनमध्ये ओल शिरलेली असली, तर बाहेर दिसलेली ठिणगी आत पडेलच असं नाही. या चाचणीतून ठिणगी नसल्याचं कळतं, ती पुरेशी असल्याचं कळत नाही.

प्लग निर्दोषच असतात असं मी म्हणत नाही. ए-65 कमी ऑक्टेनच्या इंधनासाठी घडलेलं आहे. आजच्या 100 एलएल या विमान इंधनात शिशाची कमाल मर्यादा जुन्या 80 ऑक्टेनच्या चौपट आहे, आणि ते शिसं प्लगमध्ये साचतं. पण प्लगचा दोष एका सिलिंडरपुरता बोलतो. इंजिन अडखळत चालत असेल तर एक्झॉस्टचा एखादा नळ थंड लागतो. सगळी सिलिंडरं एकाच वेळी गप्प असतील, तर दोष जिथून सगळ्यांना ठिणगी जाते तिथे, किंवा इंधनात शोधायला हवा.

दुसरा आक्षेप असा, की एवढी चौकशी करण्यापेक्षा प्लग, वायरी, पॉइंट, कंडेन्सर सगळंच बदलून टाकावं. त्याने इंजिन सुरू होईलही. पण कोणत्या भागाने दगा दिला हे कळत नाही, आणि नवा कंडेन्सर जुन्यापेक्षा चांगलाच निघेल याची हमी नसते. इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवा, असंही सुचवतात. त्याचं टायमिंग उत्तम असतं, पण तशा बहुतेक यंत्रणांना बॅटरी लागते, आणि या विमानांत बऱ्याचदा विजेची व्यवस्थाच नसते. शिवाय ए-65 सारख्या इंजिनावरचे दोन मॅग्नेटो म्हणजे तपासणीची तयार सोय. एक बंद केला की आरपीएम थोडे पडतात, आणि त्या फरकावरून दोष कोणत्या बाजूला आहे ते उमजतं.

आरपीएम अजिबात पडले नाहीत, तर पुष्कळजण खूश होतात. मला ही खूण सगळ्यांत धोक्याची वाटते. गाडीची इग्निशनची वायर तुटली की गाडी बंद पडते. मॅग्नेटोचं उलटं आहे. स्विच त्याला अर्थला जोडून गप्प करतो. स्विचकडे जाणारी ती वायर तुटली, तर स्विच ऑफ असूनही मॅग्नेटो जिवंत राहतो, आणि जे ‘खट्’ ऐकून आपण निश्चिंत होतो त्याच क्षणी तो ठिणगी पाडतो. सुरू न होणाऱ्या इंजिनापाशी माणसं प्रोपेलरला सर्वाधिक वेळा हात लावतात, म्हणून ही तपासणी बाकी सगळ्याच्या आधी हवी. प्रत्येक उड्डाणानंतर, इंजिन आयडलवर असताना, स्विच क्षणभर ऑफ करून पाहा. इंजिन विझू लागलं नाही, तर ती वायर दुरुस्त होईपर्यंत त्या प्रोपेलरला कुणालाही हात लावू देऊ नका.