चष्मेवाला सेनापती

मेक्सिकोच्या जुन्या 500 पेसोंच्या नोटेवर एक चष्मेवाले गृहस्थ आहेत. छोट्या गोल काचा, नीट विंचरलेले केस, मिशीचा पत्ता नाही. गणिताचे पेपर तपासून नुकतेच उठलेले मास्तर वाटावेत. हे जनरल इग्नासियो सारागोसा. 5 मे 1862 ला पुएब्ला शहराबाहेरच्या टेकडीवर त्यांनी फ्रेंचांना मागे रेटलं, आणि तोच दिवस ‘सिंको दे मायो’ (पाच मे) या नावाने सण झाला.

भांडण पैशाचं. यादवीने खंक झालेल्या मेक्सिकोचे अध्यक्ष बेनितो हुआरेस यांनी परदेशी कर्जाची फेड दोन वर्षं थांबवली. इंग्रज, स्पॅनिश आणि फ्रेंच, तिघेही गलबतं घेऊन वसुलीला आले. पहिले दोघे बोलणी करून परतले. फ्रेंचांचा सम्राट तिसरा नेपोलियन याचा डोळा मात्र अख्ख्या देशावर होता. त्याच्या सेनापतीने, लोरेन्सेने, लढाईआधीच पॅरिसला कळवून टाकलं की सहा हजार सैनिकांच्या जोरावर मी मेक्सिकोचा धनी झालोच आहे. असली पत्रं लिहिणारे लोक मला मनापासून आवडतात. इतिहास त्यांची फार चोख वाट लावतो. दुपारी पाऊस कोसळला, लोरेतो आणि ग्वादालूपे या किल्ल्यांकडची चढण निसरडी झाली आणि फ्रेंच चिखलातून माघारी गेले.

पण माझं मन लढाईपेक्षा राफाएलापाशी जास्त घुटमळतं. राफाएला पादिया ही सारागोसांची बायको. 1857 साली मोंतेरेमध्ये यांचं लग्न लागलं तेव्हा नवरदेव फौजेबरोबर दूर. त्यांच्या जागी चर्चमध्ये भाऊ उभा राहिला. मला राहून राहून त्या भावाचं नवल वाटतं. वहिनीचा हात हातात घेताना तो नजर कुठे ठेवत असेल? पुढेही संसार असाच, मोहिमा आणि निरोपांच्या मधल्या फटीत. 1861 च्या अखेरीस सारागोसांनी युद्धमंत्र्याची खुर्ची सोडली आणि मोर्चा सांभाळायला गेले. घरी राफाएला आजारी होती. जानेवारीत मेक्सिको सिटीत ती वारली, तेव्हा हे मोर्च्यावर. पुएब्लाचा तो विजयी दिवस चार महिन्यांनी उजाडला. सप्टेंबरात त्यांनाही विषमज्वराने नेलं. मागे उरली लहानगी लेक. चष्म्याआडच्या त्या डोळ्यांत लोक शौर्य शोधतात. मला तिथे रजा न मिळालेला नवरा दिसतो.

विजयही अल्पजीवीच. पुढच्याच मे महिन्यात, लांबलेल्या वेढ्यानंतर पुएब्ला पडलं. फ्रेंचांनी आणून बसवलेला बादशहा मॅक्सिमिलियन 1867 साली गोळ्या घालून मारला गेला, तोवर हुआरेस उत्तरेत तग धरून होते.

मग हा सण टिकला कसा? सीमेपलीकडे. कॅलिफोर्नियाच्या सोन्याच्या खाणींत राबणाऱ्या मेक्सिकन लोकांना पुएब्लाची बातमी वर्तमानपत्रांतून काही आठवड्यांनी कळली. त्यांनी बंदुकांचे बार काढले, भाषणं ठोकली, गाणी म्हटली, हुआरेसांच्या फौजेसाठी वर्गण्या गोळा केल्या. अमेरिकेतही तेव्हा गुलामगिरीवरून यादवी पेटलेली; या खाणकामगारांच्या लेखी दोन्ही लढाया एकाच स्वातंत्र्यासाठीच्या होत्या. विसाव्या शतकात अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या हक्कांसाठीच्या चिकानो चळवळीतल्या तरुणांनी हा दिवस पुन्हा हाती धरला. नंतर बिअरवाल्यांनी धरला आणि सोडलाच नाही. आता सोम्ब्रेरो घालून मार्गारिटा पिणाऱ्या कित्येकांना हाच मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन वाटतो. तो खरा 16 सप्टेंबरला. मला या गोंधळाचा फारसा राग येत नाही. सारागोसांचं जन्मगाव तरी कुठे मेक्सिकोत राहिलं? ते आता टेक्ससमध्ये आहे.

माझी ओढ मात्र मेक्सिको सिटीतल्या पेन्योन दे लोस बान्योस या वस्तीकडे. विमानतळाला अगदी खेटून. दर 5 मे रोजी तिथले रहिवासी गल्ल्यागल्ल्यांतून पुएब्लाची लढाई लढतात. पुएब्लाच्या डोंगराळ भागातून आलेल्या लढवय्यांची सोंगं घेणारे तोंडाला काजळी फासतात, दारूचे बार उडतात, धुरावरून विमानं उतरत राहतात. या खेळात दुसऱ्या बाजूला निळे कोट घालून, दरसाल न चुकता हरायला शेजारपाजारचीच माणसं लागतात. फ्रेंच व्हायला दरवर्षी कोण कबूल होतं, आणि त्याला घरी काय काय ऐकून घ्यावं लागतं, हे मला तिथे जाऊन विचारायचं आहे.