गोळी बंद करण्याआधी

चि. मंदार,

‘एकदा गोळी लागली की जन्माची, त्यापेक्षा जिम लावून वजनच उतरवतो,’ असं म्हणून तू बीपीची गोळी परस्पर बंद केलीस, हे ऐकल्यापासून जीव थाऱ्यावर नाही. वजन जरूर उतरव. किलोमागे साधारण एक पॉइंट बीपी उतरतं. पण तुझं वरचं बीपी 160. पाच किलोंनी ते कुठवर येईल, तूच मांड हिशेब. शिवाय सगळा दोष तू स्वतःच्या पोटाला देतोस आणि रात्रपाळीबद्दल अवाक्षर काढत नाहीस, हे मला मुळीच पटत नाही.

निरोगी माणसाचं बीपी रात्री झोपेत दहा ते वीस टक्के खाली येतं. रक्तवाहिन्यांना तेवढीच उसंत. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा हिंजवडीत संध्याकाळचे साडेसहा-साडेसात, आणि तुझी पाळी तिकडच्या वेळेवर, म्हणजे तुझी ती उसंत कामात जाते. दिवसा झोपून ती पुरती भरून निघत नाही, कारण शरीरातलं घड्याळ उजेडावर चालतं, आणि सुट्टीच्या दोन दिवसांत तू ते पुन्हा फिरवतोस. 2009 साली अमेरिकेतल्या एका प्रयोगात दहा जणांच्या झोपेच्या आणि जेवणाच्या वेळा हळूहळू पार उलट्या केल्या, तेव्हा त्यांची रक्तातली साखर आणि बीपी वाढलं. पोट भरल्याचं मेंदूला कळवणारं लेप्टिन मात्र 17 टक्के घटलं. म्हणजे रात्री दोनला कँटीनमधला समोसा तू खातोस, त्याला नुसती जिभेची हाव म्हणता येत नाही. वजन आणि बीपी, दोन्हींत पाळीचा हात आहे.

‘आमची अख्खी टीम हेच करते’ म्हणशील. अरे, बीपी दुखत नाही! त्यांतल्या कितींनी ते मोजलंय? आणि पाळीला दोष दिला म्हणून चिवडा, लोणचं, नूडल्स माफ होत नाहीत; दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट चमचाही नाही. पण रोस्टर लावणाऱ्यांनाही जाब विचारायला हवा. भत्ता दिला की जबाबदारी संपली, हे कोणी ठरवलं? डॉक्टरांकडून चिठ्ठी घे, दिवसपाळी माग. त्यात लाज कसली? तू घोरतोस, तेही त्यांना सांग, झोपेत श्वास अडकत असेल तर त्यानेही बीपी चढतं. आजच फोन कर त्यांना, ते सांगतील तशी गोळी घे, आणि मला लगेच कळव. तोवर मला झोप नाही.

तुझी,
मावशी