कारधा पुलावरची थंडी

पावसाळ्यात कारधा हे नाव आमच्या भागातल्या वर्तमानपत्रांत सारखे छापून येते. वैनगंगेच्या पाण्याची पातळी इथल्या पुलाजवळ मोजतात. २४५.५० मीटरची धोक्याची खूण ओलांडली की भंडारा शहरातल्या सखल वस्त्यांमध्ये सामान हलवायची घाई सुरू होते. ऑगस्ट २०२०च्या शेवटी आलेल्या महापुरात तर दर तासाला कारध्याचा आकडा विचारला जात होता. पाणी ओसरले की लोक कारधा विसरतात. डिसेंबर-जानेवारीत या पुलावर जे घडते त्याची बातमी होत नाही. ते फक्त आमच्या हजेरीपटावर दिसते.

कारधा नदीच्या पूर्वेला आणि भंडारा पश्चिमेला. अंतर जेमतेम तीन-चार किलोमीटर. दूधवाले, भाजीवाले, मजूर, शाळा-कॉलेजची मुले अशी सगळी सकाळची वर्दळ पुलावरून शहराकडे जाते आणि त्यात सायकली पुष्कळ असतात. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळू लागल्यापासून मुलींची संख्याही वाढली. ऑटोचे भाडे वाचते, कुणाची वाट पाहावी लागत नाही. सायकलीने मुलींच्या शिक्षणासाठी जेवढे केले तेवढे आमच्या भाषणांनी केले नसेल.

पण थंडी वाढली की नदीपलीकडून येणारी मुले उशिरा येऊ लागतात आणि मुली येतच नाहीत. विचारले तर ‘तब्येत बरी नव्हती’ हे ठरलेले उत्तर मिळते. दहावीतल्या एका मुलीला मागच्या हिवाळ्यात आम्ही नीट बसवून विचारले. ती म्हणाली, “सर, स्वेटर आहे. पण पुलावर बोटे आखडतात, ब्रेकच दबत नाही. अम्मी म्हणतात, थंडी सरली की जा.” थंडी सरते फेब्रुवारीत. तेव्हा बोर्डाची परीक्षा दारात उभी असते.

अम्मींचे चुकत नव्हते. विदर्भाची ओळख उन्हाळ्याची असली तरी २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता. तो शनिवार होता, म्हणजे सकाळच्या शाळेचा दिवस. दिवसातली सर्वांत कडक थंडी मध्यरात्री नसते, ती सूर्य उगवतानाच्या सुमारास असते आणि नेमकी तीच मुलांची निघायची वेळ. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवावेत असे शासनाने २०२४मध्ये ठरवले, ते चांगलेच झाले. सायकल चालवणारी मुले मात्र त्याहून मोठी असतात.

पुलावर थंडी जास्त का लागते, हे आम्ही वर्गातही समजावून सांगतो. गावात घरे आणि झाडे वारा अडवतात, नदीवर काहीच आडवे नसते. हिवाळ्यात वारा उत्तरेकडून येतो. भंडाऱ्याकडे जाताना तो थेट उजव्या अंगावर आदळतो. उजवा कान बधिर होतो आणि उजवा हात आधी आखडतो. आपल्याकडच्या सायकलींना पुढचा ब्रेक उजव्या हातालाच असतो, म्हणून ती मुलगी म्हणत होती ते शब्दशः खरे होते. त्यात सायकल स्वतःच वारा तयार करते. १० अंशांची हवा ताशी १५ किलोमीटरच्या वाऱ्यात अंगाला साधारण ८ अंशांसारखी लागते. अंग ओले असेल तर त्याहूनही वाईट. फजरच्या वजूनंतर हातपाय नीट न पुसता तसेच मोजे चढवून निघणारी मुले आम्ही पाहतो. पाणी सुकताना अंगातली ऊब घेऊन जाते. एका टॉवेलचे काम आहे, पण ते घरून व्हायला हवे.

घराघरांत आया मुलांना एकावर एक कपडे चढवून बाहेर काढतात. माया कळते, पण त्याने उलटेच होते. पॅडल मारताना शरीर स्वतः भट्टीसारखे तापते. दहा मिनिटांत पाठ घामाने भिजते आणि मग ती ओली बनियन घालून मूल दुपारपर्यंत वर्गात कुडकुडत बसते. सुती कपडा एकदा भिजला की ऊब धरत नाही. लोकर ओलसर झाली तरी बऱ्यापैकी धरते. म्हणून निघताना थोडी थंडी वाजली तर वाजू द्यावी. आत एक कपडा, त्यावर लोकरीचे स्वेटर, वरून वारा अडवणारे पातळ जॅकेट किंवा रेनकोट एवढे पुरते. एक कोरडी बनियन दप्तरात द्यावी, हे आम्ही पालकसभेत इतक्यांदा सांगितले आहे की आता मुलेच आमच्या आधी बोलतात.

जॅकेट नसेल तर कालचे वर्तमानपत्र. सत्तरीकडे झुकलेले आमच्या ओळखीचे एक दूधवाले शर्टाच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी सरकवूनच सायकलवर टांग मारतात. फ्रान्समधल्या प्रसिद्ध सायकल शर्यतीत, तूर द फ्रान्समध्ये, डोंगरमाथ्यावरून उतरताना खेळाडूंनीही वर्षानुवर्षे हेच केले. कागदाच्या थरांत हवा अडकून राहते आणि वारा आरपार जात नाही. शाळेत पोहोचल्यावर काढून टाकायचे. उर्दू, मराठी कोणतेही चालते.

स्वेटरचीही आपल्याकडे फार ओढ नाही. हिवाळ्यात रस्त्याकडेला तिबेटी लोकांची दुकाने लागतात, ती सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांच्यातले काही लांबून येतात, पण अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ त्यांची नोर्ग्येलिंग ही वसाहत १९७२पासून आहे. १९९९मध्ये गोंदिया वेगळा होईपर्यंत तो भाग आपल्याच भंडारा जिल्ह्यात होता. बर्फाच्या देशातून आलेल्या माणसांनी धानाच्या देशात लोकर विकून संसार उभे केले, याचे आम्हाला नेहमीच कौतुक वाटते.

अडते ते बोटांपाशी. घरात सहा स्वेटर सापडतील, हातमोज्यांचा एक जोड सापडणार नाही. लोखंडी हँडल आणि ब्रेकची दांडी हातातली ऊब ओढून घेतात. हातमोजे नसतील तर जाड पायमोजे हातात चढवता येतात, पण बोटे जुळून राहिल्याने ब्रेक नीट धरता येतो का ते आधी अंगणात तपासावे. सायकलच्या दुकानात टाकून दिलेली ट्यूब मिळते. तिची पट्टी कापून ब्रेकच्या दांडीवर गुंडाळली की लोखंडाचा चटका कमी होतो. दव पडलेले असले की रिमवर ब्रेक लगेच पकडत नाही, म्हणून पुलाच्या आधीच एकदोनदा हलका दाबून पाहावा. धुके असेल तर दिवा हवाच, मागे लाल चकती हवी. शेजारून मोठी वाहने जातात.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट आणखी. थंडीमुळे ओढणीवर शाल येते, त्यावर बुरखा, आणि टोके चेनमध्ये किंवा चाकात जातात. शाल अंगाभोवती आडवी गुंडाळून आत खोचावी, लोंबती ठेवू नये. बुरख्याचा घेर गुडघ्याजवळ सैल रिबनने बांधला तरी पडदा जात नाही. चेनकव्हर आणि मागच्या चाकाची जाळी तुटली असेल तर ती बसवल्याशिवाय सायकल बाहेर काढू देऊ नये. नाकावर स्कार्फ घेतला की श्वास गरम होऊन आत जातो. दम्याच्या मुलांना त्याने बरे वाटते, पण चष्मा असेल तर काचेवर वाफ धरते, तेव्हा स्कार्फ नाकाच्या खाली सरकवावा.

फिनलंडमधल्या औलू शहरात उणे पंधरा अंशांतही मुले सायकलने शाळेत जातात. हिवाळी सायकलिंगचे पहिले जागतिक संमेलन २०१३मध्ये तिथेच भरले. तिथली मुले जास्त धीट असतात असे आम्ही मानत नाही. तिथे सायकलींना मोटारींपासून वेगळा रस्ता आहे आणि बर्फ पडला की तो साफ केला जातो. आमच्या मुलींना १० अंशांत घरी बसावे लागते, कारण रस्ता एकच आहे आणि हातात मोजे नाहीत. रस्त्याचे काम आमच्या हाताबाहेरचे आहे.

दर हिवाळ्यात आपल्या मोहल्ल्यांत ब्लँकेट वाटप होते, फोटो निघतात. ब्लँकेट रात्री उपयोगी पडते, अल्लाह देणाऱ्यांना बरकत देवो. सकाळी सात वाजता ते घरीच राहते. यंदा वाटपाची यादी तयार होत असताना आम्ही शेवटी एक ओळ जोडून घेतली आहे: हातमोजे, चाळीस जोड, लहान माप. कमिटीतल्या एका साहेबांनी विचारले, “हातमोजे कशाला?” त्यांना येत्या शनिवारी सकाळी पुलावर बोलावले आहे, सायकल घेऊन.