घोरणं म्हणजे गाढ झोप नव्हे

मैत्रिणींनो, नवऱ्याच्या घोरण्यावर आपण सगळ्याजणी मनमोकळ्या हसतो. हळदीकुंकवाला चारचौघी जमल्या की एखादी हमखास सांगते, "आमच्याकडे रात्रभर पिठाची गिरणी चालू असते बाई!" पण बाई स्वतः घोरत असेल तर? ते कुणी बोलत नाही. ती लाजेची गोष्ट. ही लाज किती महागात पडू शकते, ते माझ्या थोरल्या वन्संच्या बाबतीत आम्ही पाहिलं. त्यांना विचारूनच लिहिते आहे. "नाव तेवढं घालू नकोस, बाकी सगळं लिही," असं त्यांनीच सांगितलंय.

वन्संनी लग्न केलं नाही. त्यांचा संसार पुस्तकांचा. १९९२ साली बी.ए. झाल्या आणि आमच्या तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात निर्गम साहाय्यक म्हणून लागल्या. म्हणजे पुस्तकांची देवघेव करायची. सरकारमान्य वाचनालयांना अ, ब, क, ड अशा वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. त्यांचं वाचनालय 'क' वर्गातलं, तेव्हा पगार काय असेल ते तुम्हीच ताडा! दुपारच्या वेळी खांद्यावर पिशवी अडकवून त्या घरोघरी बायकांना पुस्तकं पोचवायच्या. पुढे ग्रंथालयाची प्रमाणपत्र परीक्षा दिली, मुलींच्या शाळेत ग्रंथपाल झाल्या, नोकरी सांभाळून बी.लिब. केलं आणि २००४ साली नऊ किलोमीटरवरच्या एका कॉलेजात लागल्या. तिथली जुनी कार्डांची कपाटं मोडून सगळी पुस्तकं संगणकावर चढवली ती वन्संनीच.

अशी ही कामाची बाई २०१८ पासून थकू लागली. सकाळी उठल्या की डोकं जड, तोंड कोरडं. रात्री तीन-तीनदा लघवीला उठणं. रक्तदाबाची गोळी सुरू झाली. लोह झालं, थायरॉईडची तपासणी झाली, "पाळी जाण्याचं वय आहे, चालायचंच" हेही ऐकून झालं. आणि दुपारी देवघेवीच्या टेबलाशी बसल्या बसल्या त्यांचा डोळा लागायला लागला. मुलं हसायची. एकदा वरिष्ठांकडून लेखी समज मिळाली. २०२१ च्या डिसेंबरात तर चालत्या स्कूटरवर डुलकी आली आणि गाडी रस्त्याकडेच्या चरात गेली. हाताला खरचटण्यावर निभावलं, पण त्या रात्री त्यांनी राजीनाम्याचा कागद लिहून ठेवला.

उलगडा झाला तो माझ्या धाकट्या मुलीमुळे. पाहुणे आले म्हणून ती आत्याच्या खोलीत झोपली होती. सकाळी म्हणाली, "आई, आत्याचं घोरणं मध्येच बंद होतं. मी पंचवीस आकडे मोजले, मग ती एकदम दचकून श्वास घेते." एकट्या झोपणाऱ्या बाईला हे कोण सांगणार? घोरणाऱ्याला आपलं घोरणं कधी ऐकू येत नाही.

याला स्लीप ॲप्निया म्हणतात. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, वाट मिटते आणि श्वास अडतो. रक्तातला प्राणवायू उतरला की मेंदू क्षणभर जागं करतो. वाट उघडते, पुन्हा झोप, पुन्हा अडथळा. माणसाला यातलं काही आठवत नाही, फक्त दिवसभर झोप येते. तपासणीसाठी अंगाला तारा लावून एक रात्र झोपायचं असतं. कुणाकुणाची ती घरीही होते. दहा सेकंद किंवा जास्त वेळ श्वास थांबला किंवा फार मंदावला, असं तासात किती वेळा झालं ते मोजतात. पाचच्या आत असेल तर ठीक. तीसच्या वर म्हणजे विकार तीव्र. वन्संचा आकडा आला ३४! म्हणजे जवळजवळ दर पावणेदोन मिनिटांनी एकदा. हृदयावर आणि रक्तदाबावर याचा ताण पडतो, पक्षाघाताचा धोकाही वाढतो.

"पण मी कुठे जाड आहे?" वन्संचा पहिला प्रश्न. स्थूल माणसांत हा विकार जास्त, हे खरं. डिकन्सच्या 'पिकविक पेपर्स'मधला सदा पेंगणारा लठ्ठ मुलगा वन्संना पाठ. त्या कादंबरीवरून १९५६ साली डॉक्टरांनी अशाच एका विकाराला नावही दिलं. पण सडपातळ माणसालाही हा त्रास होतो. टॉन्सिल मोठे असतील, हनुवटी आत असेल, तरी वाट अरुंद होते. पाळी गेल्यावर बायकांत याचं प्रमाण वाढतं, ते वेगळंच.

पहिला उपाय शस्त्रक्रियेचा नाही, हे मुद्दाम सांगते. सीपॅप नावाचं यंत्र मिळतं. नाकावर मुखवटा लावून त्यातून हवेचा सौम्य दाब दिला की घशाची वाट मिटत नाही. १९८१ साली ऑस्ट्रेलियातल्या डॉ. कॉलिन सलिव्हन यांनी ही युक्ती जगापुढे मांडली, आणि आजही बहुतेकांना तीच सांगतात. वन्संनी तीन महिने नेटाने प्रयत्न केला. पण नाकाचा पडदा इतका वाकडा की हवा आतच जाईना. शेवटी झोपेचं औषध देऊन, घशात दुर्बीण घालून डॉक्टरांनी वाट कुठे मिटते ते पाहिलं. टॉन्सिल सुपारीएवढे, पडजीभ लांब. २०२२ च्या मे महिन्यात, कॉलेजच्या सुट्टीत, नाकाचा पडदा सरळ केला, टॉन्सिल काढले, पडजीभ आणि मऊ टाळू कापून-शिवून वाट मोकळी केली.

खोटं कशाला सांगू, पहिले दहा दिवस फार कठीण गेले. गिळताना कळ थेट कानात जायची. पाणी प्यायलं तर थोडं नाकातून यायचं. सुरुवातीला असं होतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं म्हणून घाबरलो नाही. गार दूध, गार केलेली नाचणीची पेज, शहाळ्याचं पाणी, पुढे मऊ भात. तिखट, आंबट, गरम, कुरकुरीत सगळं बंद. रक्त दिसलं तर लगेच दवाखाना गाठायचा, अशी ताकीद होती. बोलणं बंद, म्हणून पाटी दिली. त्यावर वन्संनी लिहिलं, "तीस वर्षं 'शांतता राखा' म्हटलं, आता माझी पाळी!"

चार महिन्यांनी पुन्हा तपासणी झाली. आकडा ३४ वरून ९ वर आला. पूर्ण बरं झालं असं नव्हे. त्या कुशीवर झोपतात, रक्तदाबाची गोळी चालू आहे, अधूनमधून तपासणी आहेच. सगळ्यांनाच शस्त्रक्रिया लागू पडते असंही नाही. वजन जास्त असेल किंवा जिभेच्या मुळाशी वाट मिटत असेल, तर कधी कधी कापाकापी करूनही यंत्र लागतंच. म्हणून आधी तपासणी आणि मग निर्णय.

तर भगिनींनो, घरात कुणी जोरात घोरत असेल तर काही रात्री नीट कान द्या. मध्येच आवाज थांबून दचकून श्वास येतो का? पुरेसं झोपूनही दिवसा पेंग येते का? उत्तर होय असेल तर डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत सांगा. परस्पर झोपेच्या गोळ्या घेऊ नका, त्यांनी श्वास अधिकच अडू शकतो. लहान मूल तोंड उघडं टाकून घोरत असेल तर टॉन्सिल, ॲडिनॉइड दाखवून घ्या. आणि सासूबाई, नणंदा, एकट्या झोपणाऱ्या मावश्या-आत्या यांच्या खोलीत महिन्यातून एखादी रात्र मुद्दाम झोपा.

वन्संनी राजीनाम्याचा तो कागद फाडून टाकला. सध्या कॉलेजातली जुनी, दुर्मिळ मासिकं संगणकावर उतरवण्याचं काम त्यांनी हाती घेतलंय. निवृत्तीला अजून अवकाश आहे.