न वाचली गेलेली ओळ

“मनाई असती, तर यंत्राने हुकूम फेटाळला नसता का, सर?” चौकशीच्या खोलीत एका तरुण सहकारिणीने विचारलेला हा प्रश्न पुष्कळ वर्षे लोटली तरी मला विसरता आलेला नाही, आणि तिच्या प्रश्नानंतर पसरलेली शांतता, जिच्यात मीही सामील होतो, ती तर त्याहून नाही.

आमच्या ताब्यात सत्तरएक सर्व्हर होते आणि ते दुरून हाकण्यासाठी आम्ही एमकलेक्टिव्ह वापरत असू. हुकूम एकदाच पुकारायचा. तो सर्व यंत्रांवरील एजंटांच्या कानी जातो, आणि पाळावा की फेटाळावा हे प्रत्येक एजंट आपल्याजवळच्या पॉलिसी फाइलवरून ठरवतो. त्या फाइलीत एक सर्वसाधारण दंडक आणि त्याखाली एकेक ओळ : परवानगी की मज्जाव, हुकूम कोणाच्या प्रमाणपत्राचा, कृती कोणती, यंत्राची लक्षणे कोणती, वर्ग कोणता. जी ओळ प्रथम लागू पडेल तिचा निवाडा अखेरचा. एकही लागू पडली नाही, तर सर्वसाधारण दंडक. तो दंडक मी ‘परवानगी’ असा ठेवला होता, कारण मज्जाव ठेवला की पावलोपावली काम अडते, अशी तक्रार सर्व खात्यांकडून येत असे. मुख्य डेटाबेसच्या यंत्रांवर मात्र रात्रपाळीच्या सपोर्ट गटाने कोणतीही सेवा रीस्टार्ट करू नये, अशी मज्जावाची एक ओळ मी स्वतः लिहिली, वरिष्ठांच्या मंजुरीसाठी ती एका दस्तऐवजात उतरवली, आणि मंजुरी मिळताच तेथूनच उचलून फाइलीत ठेवली. फाइली यंत्रांवर बसवणारे साधन, पपेट, दर 30 मिनिटांनी फिरते. अर्ध्या तासाच्या आत माझी ओळ सर्वत्र पोचली.

पाच महिन्यांनी एका रात्री अहवालांच्या यंत्रावरील मायएसक्यूएल अडकले. ते रीस्टार्ट करण्याचा अधिकार सपोर्ट गटातील त्या मुलीला होता. परंतु घाईत यंत्राचे नाव जोडायचे राहिले, आणि हुकूम जेथे जेथे मायएसक्यूएल होते तेथे तेथे, मुख्य डेटाबेससकट, तंतोतंत पाळला गेला. अर्धवट राहिलेले व्यवहार उलगडण्यात 40 मिनिटे गेली.

दुसऱ्या दिवशी तिच्याकडून लेखी कैफियत घेण्यात आली. “मुख्य डेटाबेसला हात लावण्याची तुम्हांला मनाई आहे, हे ठाऊक नव्हते?” असे साहेबांनी विचारले, तेव्हा तिने वरील प्रश्न केला. मनाईची ओळ मी लिहिलेली होती, मंजूर झालेली होती, फाइल उघडली तर डोळ्यांना दिसतही होती. म्हणून तो प्रश्न सर्वांना उद्धटपणाचा वाटला. मलाही वाटला, हे लिहिताना आजही क्लेश होतात.

तिसऱ्या दिवशी, अन्य काही सुचेना म्हणून, मी ती फाइल ‘कॅट’ आज्ञेला मोठा ‘ए’ जोडून वाचली. त्या रीतीने टॅब असेल तेथे विशिष्ट खूण उमटते. इतर ओळींत ती होती. माझ्या ओळीत नव्हती. रकान्यांमध्ये टॅबच लागतो, आणि दस्तऐवजातून परत येताना टॅबांच्या जागी साध्या मोकळ्या जागा आल्या होत्या. न उमगलेली ओळ एजंट सोडून देतो आणि तशी नोंद ‘डीबग’ पातळीवर करतो; आमची दैनंदिन नोंद ‘इन्फो’ पातळीवर चाले. म्हणजे पाच महिने तो मज्जाव माणसांसाठी अस्तित्वात होता, यंत्रासाठी नव्हता, आणि त्या खोलीत एकटी तीच अक्षरशः खरे बोलत होती.

मी तत्काळ लेखी खुलासा दिला आणि तिच्या वार्षिक मूल्यमापनातील ‘असावधानता’ हा शेरा काढावा अशी विनंती केली. उत्तर आले, “हुकूम तर तिनेच सोडला ना?” हा युक्तिवाद खोटा नाही, म्हणूनच तो अधिक बोचतो. यंत्राचे नाव ती विसरली होती हे खरेच. पण माणूस थकलेल्या प्रहरी विसरतो हे गृहीत धरूनच तर मज्जाव लिहायचा असतो. विसरणे हाच अपराध मानायचा, तर पॉलिसी फाइलीची आवश्यकता काय? ज्याने कुलूप बसवले त्याने ते ओढून पाहिले नाही, आणि जाब मात्र दार उघडणाऱ्याला विचारला गेला. माझ्या खुलाशावर कोणी एक शब्दही विचारला नाही. शिक्षा झाली असती तर मला बरे वाटले असते.

त्यानंतर मी सर्वसाधारण दंडक ‘मज्जाव’ केला. आता एखादी ओळ बिघडली तर बहुधा परवानगी हरवेल, मनाई नव्हे. आणि नव्या माणसांना मी हेच सांगत असतो, शिवाय प्रत्येक मज्जाव त्याच प्रमाणपत्राने हुकूम सोडून, तो फेटाळला गेल्याचे पाहून मगच लागू समजावा, हेही. परंतु पुढच्याच पावसाळ्यात पहाटे तीन वाजता एका सहकाऱ्याचा फोन आला : सेवा बंद, उपाय ठाऊक, पण अधिकार नाही, आणि मी प्रवासात, कार्यालयाच्या नेटवर्कबाहेर. तासभर तो ठाऊक असलेला उपाय हातात धरून बसून राहिला. त्या तासात मला जुना, मोकळा दंडकच माणुसकीचा वाटला, आणि हे दोन्ही विचार मला अद्याप एकत्र बसवता आलेले नाहीत.

ती मुलगी वर्षभराने दुसरीकडे गेली. निरोपाच्या दिवशी मी तिची क्षमा मागितली, तेव्हा तिने विचारले, “सर, आता त्या ओळीत टॅब आहे ना?” मी ‘आहे’ म्हटले. शेरा तसाच राहिला होता.