झाडपाल्याचे औषध

सदाफुली आमच्याकडे कुणी मुद्दाम लावत नाही. भिंतीच्या भेगेत, ओट्याच्या कडेला, मोरीच्या पाण्यावर ती आपली आपण उगवते आणि बारा महिने फुलते. शेळीसुद्धा तिला तोंड लावत नाही. अशा या झाडाला गेल्या वर्षी आमच्या घरात एकाएकी फार मोठा मान मिळाला. माझ्या फुईच्या, म्हणजे आत्याच्या, छातीतली गाठ कॅन्सरची निघाली. आणि आम्ही सुरतेहून रिपोर्ट घेऊन घरी पोचतो न पोचतो तोच गल्लीतून औषधे येऊ लागली. कुणी म्हणाले, रोज अनशापोटी सदाफुलीची सात पाने चावून खा. कुणी सीताफळाचा पाला सांगितला, कुणी गव्हांकुरांचा रस, कुणी गोमूत्र. प्रत्येकाच्या ओळखीत कुणीतरी त्याने बरे झालेले होतेच.

वडील मला म्हणाले, "तू कॉलेजात जातेस ना? मग तूच सांग, काय खरं ते."

मी शिकते मराठी आणि इतिहास. पण ज्या घरात माझ्याआधी कुणी मॅट्रिकच्या पुढे गेले नाही, त्या घरात कॉलेज म्हणजे कॉलेज. तिथे जाणाऱ्याला गाठीचेही कळलेच पाहिजे! मग मी मैत्रिणीच्या बहिणीकडून बी. एस्सी.ची पुस्तके आणली, वाचनालयात बसले, आणि सदाफुलीपासूनच सुरुवात केली.

गंमत अशी की गल्लीतले लोक अगदीच खोटे बोलत नव्हते. सदाफुलीत कॅन्सरवरचे औषध आहे. पण ते सापडले ते कॅन्सरसाठी म्हणून नव्हे. जमैकात लोक मधुमेहावर या पानांचा काढा घेत. १९५२ साली तिथून काही पाने टपालाने कॅनडातील एका डॉक्टरांकडे गेली. त्यांनी ती आपले बंधू रॉबर्ट नोबल यांच्याकडे दिली. काढा पाजून उंदरांची साखर तसूभरही कमी झाली नाही. मग अर्क टोचून पाहिला, तर उंदीर मेले. आपल्याकडचा एखादा असता तर म्हणाला असता, टाका ते गटारात. नोबल यांनी उंदीर का मेले ते पाहिले. त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी नाहीशा झाल्या होत्या आणि साध्या जंतुसंसर्गाने ते दगावले होते. पांढऱ्या पेशी मारणारी वस्तू ज्या रोगात त्या पेशी बेसुमार वाढतात त्या रोगात, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरमध्ये, उपयोगी पडेल काय, हा पुढचा प्रश्न. १९५८ मध्ये नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी त्यातले द्रव्य वेगळे केल्याचे जाहीर केले. त्याचे नाव व्हिनब्लास्टिन. त्याचेच भावंड व्हिन्क्रिस्टिन १९६३ पासून अमेरिकेत रुग्णांना मिळू लागले आणि मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये आजही ते दिले जाते.

म्हणजे ज्या रोगासाठी पानाची ख्याती होती, त्या परीक्षेत पान नापास झाले आणि न विचारलेल्या प्रश्नात पास झाले. शिवाय असे ग्रॅमभर औषध काढायला शेकडो किलो वाळलेली पाने लागतात. सात पाने चावून पोटात काय जाईल? गेले तर त्याबरोबरची इतर विषेही जातील.

अर्क तपासतात तरी कसा? मी ते फुईला सांगितले तेव्हा तिच्या हातात सूप होते, म्हणून मला सोपे गेले. झाडाची साल किंवा पाला वाळवून कुटतात, अल्कोहोलात भिजवतात, गाळून अर्क घेतात. तो कॅन्सरच्या पेशींवर किंवा गाठ असलेल्या उंदरावर घालून बघतात. काही फरक दिसला तर त्या अर्काचे चार-पाच भाग करतात आणि प्रत्येक भाग पुन्हा तपासतात. ज्या भागात गुण दिसतो त्याचे आणखी भाग. पाखडत पाखडत शेवटी एकच दाणा हाती लागेपर्यंत. आणि तोही बहुधा खडाच निघतो. बशीतल्या पेशी मारणे मुळीच अवघड नाही. त्या फिनेलनेही मरतात. अंगातल्या चांगल्या पेशी शाबूत ठेवून ते काम करते का, हे पाहण्यात वर्षे जातात.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने १९६० पासून तिथल्या शेतकी खात्याच्या मदतीने असे पाखडणे फार मोठ्या प्रमाणावर चालवले. १९८१ पर्यंत सुमारे ३५ हजार जातींच्या वनस्पती तपासून झाल्या. त्यातून जगभर नाव झालेली औषधे जेमतेम दोन-तीन घराण्यांची. एका हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी!

त्यातले एक घराणे असे. १९६२ च्या ऑगस्टमध्ये आर्थर बार्कले नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यू या झाडाची साल गोळा केली. लाकूडतोडे या झाडाला कचऱ्यात धरीत आणि मोठी झाडे तोडून झाली की त्याला जाळून टाकीत. ती साल नॉर्थ कॅरोलिनातल्या एका प्रयोगशाळेत मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांच्याकडे आली. १२ किलो सालीतून हाती आले अर्धा ग्रॅम. त्या अर्ध्या ग्रॅमची रचना त्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केली. तेच टॅक्सॉल.

हे मनसुख वाणी १९२५ साली नंदुरबारला जन्मले, मुंबई विद्यापीठात शिकले, मग अमेरिकेला गेले आणि २०२० मध्ये वारले. हे वाक्य मी वाचनालयात तीनदा वाचले. मी नंदुरबारच्याच जिल्ह्यातली, आणि शाळेच्या दहा वर्षांत हे नाव माझ्या कानावर आले नव्हते. आमच्या भिंतींवर थोरांचे फोटो कमी नव्हते. पण सालीतला अर्धा ग्रॅम शोधणारा माणूस फोटोत कसा दाखवणार, कोण जाणे!

वॉल आणि वाणी यांनीच त्याआधी १९६६ मध्ये एका चिनी झाडातून कॅम्प्टोथेसिन काढले होते. ते सत्तरच्या दशकात रुग्णांना देऊन पाहिले, फार बाधले, म्हणून बंद केले. पण सोडून दिले नाही. त्यात बदल करून केलेली दोन औषधे १९९६ मध्ये मान्य झाली. हेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात भरपूर आहे, असे १९७२ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. आणि तेव्हापासून बिचाऱ्या नरक्यामागे कुऱ्हाड लागली. घाणेरड्या वासामुळे ज्याला कुणी हात लावीत नव्हते, ते झाड आता चोरून तोडतात. गुण निघाला की झाडाचे मरण, हा न्याय मला पटत नाही. यू झाडाचे दैव त्या मानाने बरे. साल सोलली की ते मरते. म्हणून शास्त्रज्ञांनी त्याच्या युरोपातल्या जातभाईच्या पानांतून कच्चा माल काढून पुढचे काम प्रयोगशाळेत करण्याची रीत बसवली. पाने पुन्हा येतात.

टॅक्सॉल रोग्याला मिळायला १९९२ उजाडले. साल सोलल्यापासून तीस वर्षे. ही वर्षे कशात गेली ते कळले, तेव्हाच वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर मला मिळाले.

आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी जडीबुटी देणारे एक म्हातारे बाबा आहेत. लबाड नाहीत, पैशाला हपापलेले तर मुळीच नाहीत. वडील फुईला घेऊन त्यांच्याकडे जाणार होते. बाबा सांगतात, "माझ्याकडनं गेलेलं माणूस बरं झालं नाही असं मला कुणी सांगितलं नाही." हे अगदी खरे आहे. गल्लीतल्या एका काकूंनी गाठ सुपारीएवढी असतानाच त्यांचा काढा धरला होता. वर्षभर त्या भेटेल त्याला सांगत, बरे वाटते. त्या गेल्या ती बातमी बाबांपर्यंत पोचलीच नाही. पोचवणार कोण? काकू काही परत जाऊन सांगणार नव्हत्या. औषधाची चाचणी म्हणजे मला वाटते एवढेच: जे परत येत नाहीत त्यांनाही मोजणे. नवे औषध किती जणांना दिले, जुने किती जणांना, दोन्हींकडे किती जगले, किती गेले, किती जण मध्येच सोडून गेले, सगळे वहीत मांडणे. बाबांकडे वही नाही.

वडिलांना मी काकूंचेच उदाहरण दिले. ते बराच वेळ गप्प बसले आणि दुसऱ्या दिवशी सुरतेच्या गाडीची तिकिटे काढून आले.

फुईला आधी लाल रंगाच्या औषधाचे चार डोस दिले. मग दर आठवड्याला एक, असे बारा डोस ठरले. या बाटलीवर 'पॅक्लिटॅक्सेल' लिहिले होते. टॅक्सॉलचेच हे दुसरे नाव. मी तिला सांगितले, "फुई, हे मुळात झाडाचंच आहे. आपल्या नंदुरबारच्या माणसानं शोधलेलं." तिला फार बरे वाटले. शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही तिने ते सांगितले. मग डोक्यावरून हात फिरवीत मला म्हणाली, "झाडपाल्याचं ना? मग केस का येत नाहीत?"

झाडपाला म्हणजे अपाय नाही, असे आपण सगळेच धरून चालतो. पेशीचे दोन होताना आत बारीक दोऱ्यांसारखे काहीतरी तयार होते आणि काम झाले की विरून जाते. सदाफुलीचे औषध त्या दोऱ्या होऊच देत नाही. यूचे औषध त्या विरू देत नाही, हे १९७९ मध्ये सुझन हॉर्विट्झ या बाईंनी दाखवले. दोन्हीकडे पेशी अडकते. पण औषधाला काही गाठ कोणती आणि केसाचे मूळ कोणते हे ओळखता येत नाही. जे भराभर वाढते ते सापडते. पांढऱ्या पेशीही सापडतात. म्हणून डोसाआधी रक्त तपासतात. नोबल यांचे उंदीर ज्याने मेले, तेच फुईच्या कागदावर आकड्यांत येते. आणखी एक गोष्ट तिला आवडली. हे औषध पाण्यात विरघळत नाही. ते एरंडेलापासून केलेल्या द्रवात मिसळून देतात आणि तो द्रव अंगावर उठू नये म्हणून आधी वेगळे इंजेक्शन देतात. "एरंडेल सोसत नाही हे मला लहानपणापासून ठाऊक आहे," फुई म्हणाली.

आठ डोस झाले, चार उरले. सहाव्यापासून तिच्या बोटांची टोके बधिर होतात. सुईत दोरा ओवता येत नाही, डाळीतला खडा बोटाला लागत नाही. डॉक्टर दर वेळी विचारतात आणि तिला नेमके आठवत नाही. म्हणून तिने मला दुरेघी वही आणायला लावली. दर डोसानंतर ती सांगते आणि मी लिहिते. कालची नोंद अशी: "आठवा डोस. ताप नाही. दोन्ही हातांची तीन-तीन बोटे बधिर. पायांची उद्या बघू. भाकरी थापली, पण चटका कळला नाही. गाठ हाताला लागत नाही, पण हे डॉक्टरांनी सांगितल्यावर लिही."