दारू, मद्दु आणि आप्पांची बंदूक

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावी आप्पांकडे पीकरक्षणाच्या परवान्याची ठासणीची बंदूक होती. भात पोटरीला आलं की रानडुकरं उतरायची. आप्पा माळ्यावरून हवेत एक बार काढायचे, कळप पांगायचा. धूर मात्र बांधावर रेंगाळत राहायचा.

आई धारवाडकडची. बंदुकीच्या दारूला ती मद्दु म्हणायची आणि खोकल्याच्या औषधालाही मद्दुच. आपल्यासारख्या घरांत हे नवं नाही. गंमत म्हणजे मराठीतली दारूही फारसीतून आली, आणि तिथेही तिचा एक अर्थ औषध असाच आहे.

बार काढला की नळी धुण्याचं काम माझं. गजाला चिंधी गुंडाळायची, कढत पाणी ओतायचं. काळं पाणी यायचं, त्याला नासक्या अंड्याचा वास. सोरा, गंधक आणि कोळसा यांची ही काळी दारू. जळल्यावर वजनाने निम्म्याहून जास्त भाग घनरूपातच उरतो. त्यातले क्षार हवेतली ओल ओढतात. आमच्याकडच्या पावसात एक रात्र आळस केला तरी सकाळी नळीला तांब चढलेली!

कॉलेजात असताना मी कुठंतरी वाचलं, की १८८४ साली व्हिएय या फ्रेंच माणसाने जवळजवळ धूर न होणारी दारू तयार केली. काडतुसात हल्ली तीच असते. झालं, मी घरी येऊन शहाणपण शिकवलं. "आप्पा, एक काडतूस फोडून ती दारू भरा की. धुणं वाचेल."

आप्पांनी चहाची कपबशी खाली ठेवली. "त्या दारूचं माप वेगळं, जोर वेगळा. ही नळी काळ्या दारूची आहे. शेजारच्या गावात एकाने हेच केलं. नेहमीच्या मापाने भरली, छर्रे ठासले. नळी फुटली. डाव्या हाताला दोन बोटं राहिली त्याच्या."

मी गप्प. बार काढताना त्यांच्या शेजारी मीच उभी असायची, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही.

आप्पा गेल्यावर भावाने बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायचं ठरवलं. वर्षभर तिच्यातून बार निघाला नव्हता. तरी आदल्या संध्याकाळी आईने चुलीवर पाणी ठेवलं आणि मला हाक मारली, "धुऊन दे गं."

गज अजून माझ्याकडे आहे.